उजव्या मुठीचा दोरा

॥ बिरोबा प्रसन्न ॥

होटगी रोड, सोलापूर
दि. १० सप्टेंबर २०२५

रा. रा. शहाजीराव रुपनवर, निवृत्त पोस्टमास्तर, मूळ मुक्काम नातेपुते, हल्ली मुक्काम लेकाकडे, सडबरी, कॅनडा, यांस कुंडलिक मेटकरीचा रामराम. वि. वि.

पोरांच्या लग्नानंतर तुम्ही निरोप धाडला होता की मेटकऱ्यांशी तोंडी बोलणार नाही, जे काय असेल ते लेखी द्यावं. बरं. लेखी देतो. ऋतुजा या कागदाचा फोटो तुम्हाला दाखवेल. माझी लेक तुमची सून होतीच, आता पोस्टमन पण झाली.

लेखीच चाललंय तर एक गोष्ट नोंदवून ठेवतो. मांडवात बँड वाजत होता, तरी चार रांगा मागून तुम्ही तुमच्या साडूला जे म्हणालात ते मला ऐकू आलं, की पोरगी चांगली आहे, पण बाप आठ बोटांचा मिस्त्री. माझा हात अधू आहे, कान नाही. म्हणून मी व्याहीभेट घेतली नाही. तुम्ही मिठीसाठी हात पसरून उभे, आणि मी मांडवाच्या खांबाची दोरी आवळत बसलो. तुम्हाला वाटलं मी माज केला. केला.

आता मुद्दा. ऋतुजा परवा म्हणाली की यंदा बर्फ काढायचं काम मामांनी, म्हणजे तुम्ही, अंगावर घेतलंय. जावई पहाटेच खाणीवर कामाला जातात, तिला साडेआठला गाडी काढायची असते, आणि दारापासून रस्त्यापर्यंत गुडघाभर बर्फ. त्यासाठी घरात पेट्रोलवर चालणारं यंत्र आहे. पुढं मळसूत्रासारखी पाती, ती बर्फ आत ओढते आणि वरच्या धुराड्यातून लांब फेकते. मी ते पाहिलेलं नाही, पण ऐकलंय. मागच्या हिवाळ्यात जावयांनी त्याच्याजवळ फोन धरला होता. मोहोळची गिऱ्हाइकं पण मला बिघडलेलं इंजिन असंच फोनवरून ऐकवतात, त्यात काही विशेष नाही. ऐकून मला कळलं ते इतकंच, की ती आमच्या कडबाकुट्टीची थंड देशातली बहीण आहे. हिला ज्वारीचा कडबा लागतो, तिला बर्फ. बोटं दोघींनाही चालतात.

तेव्हा ऐका. धुराडं तुंबलं की आधी इंजिन बंद. किल्ली काढून खिशात. दहा आकडे मोजायचे, मग लाकडाने ढोसायचं, हाताने नाही. इंजिन बंद असलं तरी पट्ट्यात पीळ राहतो, अडकलेलं बर्फ सुटलं की पाती एक हिसका देते, आणि बोटाला एक हिसका पुरतो. मागल्या सालचं पेट्रोल टाकीत असेल तर काढून टाका, शिळ्या पेट्रोलने यंत्र शिंकतं. गरम इंजिनात पेट्रोल ओतू नका. शेडचं दार लावून आत चालू ठेवू नका, त्या विषाला वास नसतो, माणूस बसल्या जागी झोपतो. पातीला एक मऊ पिन असते. दगड लागला की ती तुटते, म्हणजे बाकीचं यंत्र वाचतं. तिच्या जागी पोलादी खिळा ठोकू नका. तुम्ही ठोकाल असं वाटलं म्हणून लिहिलं.

आमच्या मंडळींनी, म्हणजे बजाबाईने, पार्सल केलंय. शेंगाचटणी, कडक भाकरी, आणि बिरोबाच्या पायाला लावलेला काळ्या लोकरीचा दोरा, तिच्याच हातच्या पिळाचा. खंडेनवमीला यंत्राची पूजा करा आणि तो बांधा. माझ्या दुकानात दुरुस्तीला आलेलं यंत्रसुद्धा त्याच्याशिवाय परत जात नाही.

कळावे. लोभ असावा असं शेवटी लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं.

कुंडलिक मेटकरी

⁂

सडबरी
दि. १८ सप्टेंबर २०२५

रा. रा. कुंडलिकराव मेटकरी यांस,
सा. न. वि. वि.

आपले दि. १० चे पत्र सुनेच्या हस्ते पोहोचले. शुद्धलेखनाच्या चुका अकरा. त्या सोडून देतो.

मी एकतीस वर्षे टपाल खात्यात काढली. माझ्या हातून एकही पाकीट चुकीच्या गावी गेले नाही. यंत्रासोबत चौसष्ट पानांचे इंग्रजी पुस्तक आहे. ते मी दोनदा वाचले असून लाल पेन्सिलीने खुणा केल्या आहेत. आपण यंत्र पाहिलेलेही नाही, केवळ ऐकले आहे. ऐकीव माहितीवर मी आजवर एक शिक्कासुद्धा मारलेला नाही. तरी आपण सांगितलेल्या बाबी पुस्तकाशी ताडून पाहिल्या. जुळतात. यात पुस्तकाचे श्रेय कमी होत नाही.

मांडवातील वाक्याबाबत: मी तसे म्हणालो होतो. बोटे आठच आहेत, त्यामुळे दुरुस्ती करण्याजोगे काही आढळत नाही. व्याहीभेटीस हात पसरून मी किती वेळ उभा होतो हे मात्र आपण लिहिले नाही. बँडवाल्यांचे एक अख्खे गाणे संपले. नातेपुत्याचे दीडशे लोक पाहत होते. ती नोंद माझ्याकडे आहे.

पार्सल मिळाले. चटणीत मीठ जास्त आहे. सौ. केराबाई ती रोज दोन्ही वेळा खाते, हा भाग वेगळा.

दोऱ्यावर माझा विश्वास नाही. सौ.चा आहे, आणि तिच्याशी मला तोंडी बोलावे लागते. तेव्हा बांधीन. पण आपण नुसते 'बांधा' असे लिहिता. यंत्राच्या कोणत्या भागास, किती वेढे, सैल की घट्ट, याचा उल्लेख नाही. आपल्या कामाचे हेच वळण असेल तर मोहोळच्या शेतकऱ्यांची मला काळजी वाटते. खुलासा लेखी पाठवावा.

आहे तेवढा लोभ जपून ठेवावा, वापरू नये.

शहाजी रुपनवर

⁂

॥ बिरोबा प्रसन्न ॥

सोलापूर
दि. २१ सप्टेंबर २०२५

शहाजीराव पोस्टमास्तर यांस रामराम. वि. वि.

देवाचा दोरा कुठं बांधायचा हे विचारायला तुम्हाला सात समुद्रापलीकडून पत्र लिहावं लागलं. आमच्याकडं शेळ्या राखणाऱ्या पोरींना पण हे कळतं. पण लेखी पाहिजे ना, घ्या लेखी.

उजव्या मुठीला. देवाचं काम उजव्या हाताला असतं. सात वेढे. घट्ट. वर गाठ. मोसमभर सुटता कामा नये.

याच्याखाली लाल पेन्सिल ओढून ठेवा.

चटणीत मीठ जास्त पडलं ते खरं. बजाबाई शेंगा कुटत होती तेव्हा तुमचं नाव निघालं होतं.

विहीणबाईंना मात्र नमस्कार. लोभाचं काय ते त्यांच्याकडं देऊन ठेवतो, लागला तर त्यांच्याकडून मागून घ्या.

कुंडलिक

⁂

सडबरी
दि. ११ नोव्हेंबर २०२५

रा. रा. कुंडलिकराव मेटकरी यांस,
सा. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात पहिले बर्फ पडले, परवा दुसरे. दोन्ही वेळा मी यंत्र चालवले आणि सून वेळेवर कामावर गेली. शेजारी राहणारा गोरा गृहस्थ थांबून पाहत होता. त्याने अंगठा वर केला. आपल्याकडून एवढीही अपेक्षा नाही.

आपल्या माहितीसाठी: यंत्रास दोन मुठी असून प्रत्येक मुठीवर एक दांडी आहे. डावी दांडी दाबून धरली की चाके चालतात, उजवी दाबून धरली की पाती फिरते. हात सोडला की दांडी आपोआप वर येते आणि पाच सेकंदांत पाती थांबते. व्यवस्था उत्तम आहे. दोरा खंडेनवमीस आपल्या दि. २१ च्या पत्रानुसार उजव्या मुठीस बांधला. वेढे सात. घट्ट बांधला नाही. चालवणाऱ्याचा हात हलायला जागा लागते, एवढे मला आपल्यावाचूनही कळते.

धुराडे तुंबते. बर्फ ओले असले की दर दहा पावलांवर तुंबते. प्रत्येक वेळी इंजिन बंद करावे असे आपले म्हणणे, आणि पुस्तकाचेही. मी करत नाही. गरम इंजिन पुन्हा चालू होत नाही. इंजिनाची दोरी ओढून ओढून माझा खांदा उतरतो, आणि पुस्तक लिहिणाऱ्याचा खांदा सदुसष्ट वर्षांचा नसावा. उजवी मूठ सोडतो, पाती थांबते, धुराड्यात हात घालून बर्फ काढतो, पुढे जातो. चुकीला जागाच नाही.

आपण या विषयात शिकवू नये हे उत्तम. दहा बोटे कशी सांभाळावीत हे आठवाल्याने सांगणे म्हणजे ज्याचे पाकीट हरवले त्याने टपालाचे नियम सांगणे.

लोभ नसला तरी टपाल चालू राहावे.

शहाजी रुपनवर

⁂

सोलापूर
दि. १३ नोव्हेंबर २०२५

शहाजीराव यांस,

रामराम घालायची इच्छा नाही, पण कागद कोरा दिसतो म्हणून घातला.

तुमचं पत्र दुकानात गिऱ्हाइकासमोर वाचलं आणि हातातला पाना खाली ठेवला. धुराड्यात हात. चालू इंजिनावर. पाच सेकंदांच्या भरवशावर. पोस्टमास्तर, तुम्ही एकतीस वर्षं शिक्के मारलेत, यंत्र कधी दमलेलं पाहिलं नाही. तार गोठते, स्प्रिंग ढिली पडते, पट्टा चिकटतो. शंभर वेळा थांबलेली पाती एकशे एकाव्या वेळी थांबत नाही, आणि तसं कळवायला ती पत्र लिहीत नाही.

गरम इंजिन चालू होत नाही याचं कारण तुमचा खांदा नाही. पेट्रोल शिळं आहे. आत घाण बसली आहे. मी सप्टेंबरातच लिहिलं होतं की काढून टाका. काढलं नसणार, कारण कुंडलिकने सांगितलं. जावयांना सांगा, कार्बोरेटर खोलून धुतील, मग बंद करा आणि एका ओढीत चालू करा.

आणि माझ्या बोटांचं काढलंत तर तेही लेखी घ्या. तीस वर्षं झाली. मंगळवेढ्याकडच्या आमच्या गावात कडबाकुट्टी तुंबली, मी बटण बंद करून हात आत घातला, आणि माझा मामेभाऊ गुंडा याने न बघता बटण दाबलं. चूक गुंड्याची, बोटं माझी. त्यानंतर मी मोकळ्या हाताने सोलापूरला आलो आणि आठ बोटांवर दुकान उभं केलं. माझी बोटं दुसऱ्याच्या अकलेने गेली. तुमची तुमच्याच अकलेने जातील. फरक लक्षात ठेवा.

ऋतुजाला सांगितलंय की यंत्र चालू असताना मला फोनवर आवाज पाठव. तुम्ही लिहिता त्यापेक्षा यंत्र खरं बोलेल.

लोभ वगैरे काही नाही. हात बाहेर ठेवा.

कुंडलिक

⁂

सडबरी
३ डिसेंबर २०२५

ती. अप्पांना ऋतुजाचा सा. न. वि. वि.

तुम्ही दोघं कागदावर लिहिता म्हणून मी पण आज कागदावर लिहितेय, निदान तुम्ही पूर्ण वाचाल. अप्पा, मला आता कंटाळा आलाय. तुमचं पत्र मामांना द्यायचं, त्यांचं तोंड बघायचं, त्यांचं पत्र तुम्हाला पाठवायचं, आणि फोनवर तुमचा श्वास ऐकायचा. तुमचे जावई पृथ्वीराज म्हणतात की दोघांच्या मध्ये तूच एक तार आहेस, तुटू नकोस. त्यांना गंमत वाटते.

मामा हट्टी आहेत, पण वाईट नाहीत. मी कामावरून येते तेव्हा रस्त्यापासून पायरीपर्यंत एक बोटभर बर्फ राहिलेलं नसतं. परवा मी नको म्हटलं तर म्हणाले की मेटकऱ्यांची लेक घसरली तर त्यांना पत्रात लिहायला विषय मिळेल. कार्बोरेटरचं यांना सांगितलंय, सुट्टीच्या दिवशी खोलतो म्हणाले. तीन सुट्ट्या झाल्या.

आईला सांगा, दोरा अजून जागच्या जागी आहे. यंत्र बाहेर भिजून येतं आणि शेडमध्ये हीटरजवळ उभं राहतं, मग वाळतं, परत भिजतं. त्याने दोरा आखडून असा कडक झालाय की सासूबाई हात जोडून म्हणतात, बिरोबाने स्वतः मूठ धरलीय. मामांना पटत नाही, पण त्या बाजूला बघताना टोपी काढतात.

आवाज पुढच्या बर्फाला पाठवते.

तुमच्या लोभाचा वाटा मलाच एकटीला मिळतो असं दिसतंय, थोडा तिकडेही द्या.

ऋतुजा

⁂

हात घालू नका. पाती फिरते आहे. मला ऐकू येतंय. आधी लाकूड घालून बघा.

⁂

सडबरी
दि. ९ डिसेंबर २०२५

रा. रा. कुंडलिकराव मेटकरी यांस,
सा. न. वि. वि.

आपला आजचा कागद सकाळी आठ वाजून सहा मिनिटांनी माझ्या फोनवर थेट आला. त्यावर मायना नाही, तारीख नाही, सही नाही. मागील बाजूस बेअरिंगचे भाव आहेत. तरी हस्ताक्षर आपले म्हणून दाखल करून घेतला.

घडले ते क्रमाने लिहितो. सून दारात उभी राहून आपल्याला आवाज पाठवत होती. धुराडे तुंबले होते. मी दोन्ही मुठी सोडून चार पावले तिच्याकडे आलो, चहा ठेव, एवढे काढून येतो, असे म्हणालो, आणि परत गेलो. ती आत गेली. मी कानटोपी घातली होती, वर जावयाने, म्हणजे आपल्या जावयाने, आणलेले कानांवरचे गोळे. मला काही ऐकू येत नव्हते. खिशात फोन थरथरला. आपले नाव पाहिले. कापला. पुन्हा आला, कापला. तिसऱ्यांदा कापला. आपल्याशी तोंडी बोलायचे नाही हे ठरलेले आहे.

चौथ्या वेळी फोन एकदाच थरथरला. फोटो होता. लेखी होते. लेखी आले की वाचायचे, हाही माझाच नियम आहे. हातमोज्याने ती काच उघडत नाही, म्हणून उजवा हातमोजा काढला आणि वाचू लागलो. फोन थरथरला तेव्हा तो हात धुराड्याच्या तोंडाशी होता.

सौ.च्या झाडूचा दांडा आत घातला. दांडा हातभर लांब होता. माझ्याकडे वीतभर राहिला. बाकीचा शेजाऱ्याच्या अंगणात पडला.

मग इंजिन बंद केले, किल्ली काढली आणि पायरीवर बसलो. किती वेळ ते लिहीत नाही.

त्यानंतर तपासणी केली. उजवी दांडी खाली दाबलेलीच होती, हात नसताना. तिला आपल्या दोऱ्याने धरले होते. नवमीस मी मुठीभोवती आणि दांडीभोवती मिळून सात वेढे दिले होते, दांडी वर-खाली होईल इतकी ढील ठेवून. पुढे ती लोकर आखडली. आज दांडी दाबली ती वर आलीच नाही.

आपल्या दि. २१ सप्टेंबरच्या पत्राची प्रत समोर आहे. 'उजव्या मुठीला. सात वेढे. घट्ट. मोसमभर सुटता कामा नये.' खाली लाल पेन्सिल ओढलेली आहे, आपल्याच सूचनेवरून. सुटला नाही.

बोटे दुसऱ्याच्या अकलेने गेली, असे आपणच लिहिले होते. आपल्या लेखी हुकमाने माझा हात जाणार होता. यावर खुलासा हवा. गुंडा नावाच्या माणसावर ढकलता येणार नाही असा.

दोरा कापला नाही, देवाचा आहे. सौ.ने पाण्यात भिजवून, नखांनी वेढे सोडवून काढला. तिला एक तास लागला आणि त्या तासात ती माझ्याशीही बोलली नाही.

लोभाविषयी आज काही लिहीत नाही.

शहाजी रुपनवर

⁂

सोलापूर
दि. १६ डिसेंबर २०२५

ती. शहाजीराव यांस कुंडलिक मेटकरीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

खुलासा मागितलात. सहा दिवस लागले, कारण मध्ये एकदा गावी जाऊन यावं लागलं.

त्या दिवशी दुकानात साडेसहाची वेळ. ऋतुजाचा आवाज आला, त्यात तुम्ही चहा मागताय. तुमचा शब्द जवळून येत होता आणि यंत्र लांबून. म्हणजे तुमचे हात मुठीवर नव्हते. हात सुटला की इंजिनाचा भार उतरतो, आवाज मोकळा होतो. झाला नाही. पट्टा रडतच होता. ऋतुजाने फोन उचलला नाही. तुम्ही कापलात. बिलाच्या कागदावर लिहिलं आणि फोटो धाडला.

आता चूक. लोकर ओली होऊन वाळली की आखडते, हे तुम्हाला टपाल खात्यात कोण सांगणार? मला मात्र सांगावं लागत नाही. मी घोंगड्यावर जन्मलो. नवं घोंगडं भिजवून वाळवलं की हातभर कमी होतं हे मी बोलायला शिकायच्या आधी पाहिलंय. न पाहिलेल्या यंत्राला, न विचारता, 'घट्ट' म्हणून लिहिलं ते मी. माझ्या दुकानातल्या यंत्राला मी दोरा टाकीखालच्या नळीला बांधतो, मुठीला कधीच नाही. तुमचा राग आला होता म्हणून तोंडाला, म्हणजे पेनाला, येईल ते लिहिलं. तुम्ही ढील ठेवलीत तीच काय ती अक्कल होती, आणि ती तुमची. तुम्ही नोव्हेंबरात उजव्या मुठीचं लिहिलं होतं, दांडीचंही लिहिलं होतं. मी वाचलं आणि पुढं गेलो, कारण खालच्या ओळींत माझी आठ बोटं होती. ऋतुजाने आखडल्याचं लिहिलं. तेही वाचलं. कानाने ऐकणारा माणूस डोळ्याने आंधळा निघाला.

तुम्ही लिहिलंत की गुंड्यावर ढकलता येणार नाही असा खुलासा हवा. ते वाक्य लागलं. ते तुम्ही सहज लिहिलं असेल.

गुंड्याने बटण दाबलंच नव्हतं. कुट्टी चालूच होती. तो म्हणाला होता की कुंड्या, बंद कर आदी. मी म्हणालो की बंद केली तर पुन्हा वेग घेईस्तोवर अर्धा कडबा होतो. तुमच्या खांद्याचं कारण आणि माझं कारण एकच. दवाखान्यात आई विचारत होती, कुणी केलं, कुणी केलं. माझ्या तोंडून गुंड्याचं नाव गेलं. गेलेलं परत घ्यायला तेव्हा लाज वाटली, आणि पुढं सवय झाली. बजाबाईला, ऋतुजाला, दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी हेच सांगत आलो. गावात गुंड्याला त्यानंतर कुणी यंत्राला हात लावू दिला नाही. तो शेळ्या राखतो. माझ्यापेक्षा त्याचा कान चांगला होता, हे आजच लिहितोय.

परवा गेलो. तो शेळीचं खूर कापत होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्याने वर बघितलं नाही. मग म्हणाला की हितं यायला तीस वर्सं लागली व्हय तुला, मोटार तर लई भारी घेतलीस की. चहा विचारला नाही. मी तासभर ओट्यावर बसलो. निघताना एवढंच म्हणाला की हे आत्या हुती तवा सांगायला पायजे हुतंस, ती मला शिव्या देतच गेली. त्याची आत्या म्हणजे माझी आई.

घरी येऊन ऋतुजाला फोनवर सांगितलं. तिने सगळं दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाली की अप्पा, मामांना लेखी द्या. दिलं.

माझ्यावर लोभ ठेवावा असं लिहायचा हक्क आज मला नाही. हात शाबूत ठेवलात, तेवढं पुष्कळ आहे.

आपला,
कुंडलिक

⁂

सडबरी
दि. २५ जानेवारी २०२६

रा. रा. कुंडलिकराव मेटकरी यांस,
सप्रेम नमस्कार. वि. वि.

आपला खुलासा दाखल केला. शुद्धलेखनाच्या चुका चौदा होत्या. मोजल्या, खुणा केल्या नाहीत.

पृथ्वीराजाने कार्बोरेटर धुतला. शिळे पेट्रोल काढले, मऊ पिन नवी घातली. आता यंत्र एका ओढीत चालू होते, म्हणून प्रत्येक तुंबण्यास बंद करतो, किल्ली खिशात, आकडे दहा, मग लाकूड. ते धुराड्याला दोरीने लटकवून ठेवले आहे, सुताच्या. कानांवरचे गोळे वापरत नाही. कानटोपी एका बाजूने वर दुमडतो. काय ऐकायचे ते अजून नीट कळत नाही, पण हात सोडला की आवाज मोकळा होतो, हे मला आता ऐकू येते. आपला दोरा देवघरात आहे. सौ. त्याला फूल वाहते आणि माझ्याकडे पाहते.

मांडवातील माझ्या वाक्याबाबत पूर्वी दुरुस्तीजोगे काही नाही असे कळवले होते. फेरतपासणीत आढळले की ते वाक्य मुळात उच्चारण्याचेच कारण नव्हते. नोंद रद्द समजावी.

गुंडा यांचा पूर्ण पत्ता पिनकोडसह कळवावा. त्यांना मी दोन ओळी लिहिणार आहे. त्यांनी सांगितलेले एकाने ऐकले नाही. त्यांनी सांगितलेले तीस वर्षांनी दुसऱ्याला उपयोगी पडले, हे त्यांना कळलेले नसावे.

आम्ही फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात परत येतो. मुंबईहून गाडीने थेट सोलापूरला उतरू. नातेपुत्याला जायला सोलापूर वाटेत नाही, हे मला एकतीस वर्षांच्या नोकरीने ठाऊक आहे. आपण पत्रात तेवढे सुचवू नये. स्टेशनाबाहेर मी मागच्यासारखाच हात पसरून उभा राहीन. या वेळी बँड नसेल, त्यामुळे किती वेळ लागतो ते नेमके मोजता येईल. जवळपास आवळण्याजोगी दोरी असल्यास ती आधीच सोडवून ठेवावी.

आपली आठ, माझी दहा. व्याहीभेटीस अठरा पुरावीत.

लोभ असावा. हे रीत म्हणून लिहिलेले नाही, याची लेखी नोंद घ्यावी.

शहाजी रुपनवर